पगडीवरचा चिखल

आमच्या घराण्यात दोन गोष्टी वारशानं येतात: गुडघेदुखी आणि डूख. गुडघेदुखी म्हातारपणी येते, डूख पाळण्यातच. माझ्या बारशाला जी बाई माझ्या नाकाला नावं ठेवून गेली, तिच्या नातवाच्या मुंजीला मी गेले नाही. तिनं बोलावलं नव्हतं हा भाग वेगळा. बोलावलं असतं तरी गेले नसते.

पण हे सगळे किरकोळ डूख. आमच्या घरातला सगळ्यात मोठा डूख चंबळ नदीच्या पुलाएवढा लांब होता आणि तो माझ्या वडिलांचा होता. तो फेडला मात्र मी. माझा भाऊ म्हणतो, आपण दोघांनी फेडला. त्याचं ऐकू नका, तो त्या दिवशी नवरदेव होता आणि नवरदेवाला त्या दिवशी काही कळत नसतं.

आता माझी नातवंडं ग्वाल्हेरहून आग्र्याला मोटारीतून जातात. मुरैन्याला तिळगुळाची गजक घेतात आणि ती संपायच्या आत पूल संपतो. खाली नदी होती का, असं विचारलं तर एकमेकांकडे बघतात. त्या पुलावरून पहिल्यांदा कोण चाललं, कुणाच्या नाकावर टिच्चून चाललं, हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून लिहून ठेवते.

आमच्या लहानपणी तिथं दगडी पूल नव्हता, नावांचा होता. दसऱ्याच्या सुमाराला नदी उतरली की मोठमोठ्या नावा शेजारी शेजारी उभ्या करायच्या, साखळदंडांनी जखडायच्या, वर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गवत आणि गवतावर माती. झाला रस्ता. बैलगाड्या जायच्या, उंट जायचे, पुढे पुढे मोटारीही. पावसाळ्याआधी पुन्हा सगळं उकलून काठावर, आणि चार महिने होडीनं ये-जा. पुलाला एक दार होतं. नदीची धार जिथं सगळ्यात खोल, तिथल्या नावा सोडवून बाजूला करता यायच्या, कारण त्या धारेतूनच धौलपूरचा लाल दगड लादलेल्या मोठ्या नावा खाली यमुनेकडे जायच्या. लांबूनच मल्लाह, म्हणजे नावाडी, ओरडायचे, "दारोगाजी, द्वार खोलो!"

दारोगाजी म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते ग्वाल्हेर दरबारचे पुलाचे दारोगा. उंची अशी की चौकीच्या दारातून ते आधी कमरेपर्यंत आत यायचे आणि मग उरलेले. आवाज असा की या काठावर शिंकले तर त्या काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. मगरी त्यांना ओळखायच्या. एक म्हातारी मगर तर रोज दुपारी त्यांच्या जेवणाच्या वेळेला वाळूवर येऊन पडायची आणि त्यांचा हात धुऊन झाला की पाण्यात जायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दरवर्षी पूल बांधून झाला की त्याच्यावर पहिलं पाऊल आमच्या घराण्याचं. हा मान कुठून आला? तर माझा खापरपणजोबा दख्खनच्या फौजेबरोबर इकडे आला तेव्हा चंबळ दोन्ही थड्या भरून चालली होती. फौज थांबली. हा गडी घोड्यासकट पाण्यात उतरला. मधे घोडा दमला, तेव्हा यानं घोडा खांद्यावर घेतला आणि पलीकडे नेला. आमच्या झाशीकडच्या शाखेत घोडा नसून हत्ती होता असं सांगतात. ते खोटं आहे. त्या शाखेला वाढवून सांगायची सवय आहे.

तर दसरा झाला की आबा पांढरा अंगरखा घालायचे, डोक्यावर लाल शिंदेशाही पगडी, हातात नारळ, मागे हळदीकुंकवाचं ताट घेऊन आई, आईच्या मागे आम्ही. आबा एकटे पुढे चालत पलीकडच्या काठाला जायचे, तिथं नारळ फोडायचे, एक शकल नदीला, एक मल्लाहांना, आणि वळून आरोळी ठोकायचे, "चला!" मग वर्षभराचा रस्ता खुला. दरबाराकडून यासाठी काही मिळत नव्हतं. मिळालं असतं तर त्याला मान म्हटलं नसतं.

मग संस्थानं विलीन झाली.

ग्वाल्हेर आणि इंदूर एका राज्यात आली. दोन सवती एका चुलीवर आणल्या तर काय होतं, तेच झालं. राजधानी कुठं? तर हिवाळ्यात आमची आणि उन्हाळ्यात इंदूरची! थंडी पडली की कचेऱ्या टेबलं-खुर्च्या, शाईच्या दौती आणि साहेबांच्या बायकांची लोणच्याची बरणी घेऊन आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात उतरायच्या, आणि ऊन तापलं की पुन्हा निघून जायच्या. आमच्याकडे लोक सरकारला 'बगळे' म्हणायला लागले.

पहिल्याच बगळ्यांबरोबर रस्ते-पुलांचे एक साहेब इंदूरहून आले. ठेंगणे, गोरे, मिशी कात्रीनं आखलेली. मराठीच. तेच तर दुखणं. परका असता तर म्हटलं असतं, त्याला काय कळतं, जाऊ दे. पण या माणसाला मान म्हणजे काय, पहिलं पाऊल म्हणजे काय, सगळं आईच्या दुधाबरोबर माहीत होतं. जाणून केलेल्या गोष्टीला आमच्या घरात माफी नाही.

त्या वर्षी पूल तयार झाला. आबा पगडी घालून नारळ घेऊन उभे. दोन्ही काठांवर माणसं. आदल्या दिवशी टाकलेली माती अजून ओली होती. आबा पाऊल उचलणार एवढ्यात मागून जीप आली. साहेबांनी मान बाहेर काढली आणि इंदुरी थाटात विचारलं.

"काय भिया, गर्दी कसली ही?"

"साहेब, पहिलं पाऊल आहे," आबा म्हणाले. "नारळ झाला की रस्ता खुला. थोडं थांबा."

"कुणाचं पाऊल?"

"आमचं. वाडवडिलांपासून चालत आलंय."

साहेब हसले. एकटे हसले असते तर वेगळं. त्यांनी मागे बसलेल्या कारकुनांकडे बघितलं, तेही हसले. "दारोगा, संस्थानं बुडाली. आता मानपान घरी खुंटीला टांगा."

आणि हॉर्न वाजवला. एकदा नाही. माणूस गुरांना बाजूला करतो तसा वाजवत राहिले. आबा हलले नाहीत, तेव्हा जीप त्यांना घासून पुढे गेली. चाकाखालचा ओला चिखल उडाला तो अंगरख्यावर, हातातल्या नारळावर आणि पगडीवर. पगडीच्या पुढच्या टोकावर रुपयाएवढा डाग पडला. जीप डुलत डुलत पलीकडे गेली. काठावरच्या मल्लाहांनी माना खाली घातल्या.

आबांनी नारळ फोडला नाही. तो आईच्या ओटीत टाकला आणि ते घरी आले. पगडी काढून खुंटीला टांगली.

आई ओला फडका घेऊन आली. आबा म्हणाले, "पुसायचा नाही."

"अहो, वाळला की निघणार नाही."

"निघायला नकोच आहे. त्या माणसाच्या डोळ्यांदेखत चंबळेवर पहिलं पाऊल माझं पडेल, आणि तो आपल्या हातांनी हीच पगडी माझ्या डोक्यावर ठेवील. त्याशिवाय मी डोकं झाकणार नाही."

आई म्हणाली, "मग राहा जन्मभर बोडके."

आणि ते राहिले. तुम्हाला यात काय मोठं असं वाटेल. त्या काळात आमच्या लोकांत उघड्या डोक्यानं फिरणारा पुरुष म्हणजे घरात सुतक. आबा बाजारातून चालले की लोक हळूच विचारायचे, कोण गेलं? लग्नाला गेले तर मुलीकडचे अक्षता देताना अडखळायचे. मग त्यांनी लग्नकार्यांना जाणंच सोडलं. हसणारा, खाणारा, चार पंगती उठवणारा माणूस चौकीच्या ओट्यावर बसून नदीकडे बघायला लागला. ती म्हातारी मगरसुद्धा जेवणाच्या वेळी यायची बंद झाली.

साहेबांचं एवढ्यानं भागलं नाही. नदीच्या पलीकडे दुसरं राज्य झालं होतं, आणि पूल मधेच. मोडतोड झाली तर बघायची कुणी? दोन्हीकडचे अधिकारी पुलावर खुर्च्या टाकून बसले. आबा बाजूला उभे. पलीकडच्या राज्याचे अधिकारी म्हणजे एक वयस्क रजपूत गृहस्थ, पांढऱ्या दाढीचे, फार कमी बोलणारे. त्यांना बोलायला मिळालंही नाही, कारण आमचे साहेब सुरू झाले.

"हद्द धारेवर! जिथून नाव जाते तिथं हद्द, साऱ्या जगात हाच कायदा आहे. आणि धार कुठाय? बघा ना, आमच्या काठाला खेटून. दारोगा, पुलाचं दार कुठं आहे?"

"आपल्याच काठाला, साहेब," आबांना सांगावं लागलं.

"ऐकलं? म्हणजे पूल तुमचा, साखळ्या तुमच्या, कटकट तुमची. आणि हा दारोगाही तुमचाच, पदरात घ्या."

रजपूत गृहस्थ उठले, आबांना नमस्कार करून म्हणाले, "दारोगाजी को तो हम सिर-आँखों पर रखेंगे."

अशा रीतीनं आबा सकाळी ग्वाल्हेरचे म्हणून पुलावर चढले आणि संध्याकाळी दुसऱ्या राज्याचे म्हणून उतरले. आमचं बिऱ्हाड पलीकडच्या काठावरच्या चौकीत गेलं. त्यानंतर दरवर्षी पूल व्हायचा, पण आबा पहिलं पाऊल टाकायचे नाहीत. ज्यानं बघायला हवं तो समोर नाही, तर त्या पावलाला अर्थ काय? मल्लाहांनी त्यावर तोड काढली. ते पुलावर पहिल्यांदा एक बकरी सोडायचे. मान बकरीला गेला, पण दुसऱ्या माणसाला गेला नाही.

मला शिकायला लष्करात मावशीकडे ठेवलं होतं, इंदरगंजला. आणि देव असतो की नाही बघा, माझ्याच वर्गात त्या साहेबांची मुलगी. साहेब बगळ्यांबरोबर वरखाली करत, पण त्यांच्या बायकोनं ठणकावून सांगितलं होतं की मी दर सहा महिन्यांनी भांडी बांधणार नाही. त्यामुळे मायलेकी पाटणकर बाजाराच्या मागे कायमच्या राहत.

पहिल्या दिवशी मी तिची वेणी बाकाला बांधली. ती उठली, किंचाळली, मला बरं वाटलं. घरी येऊन विचार केला: वेणीनं काय होतं? वेणी सुटते. आमचा डूख वेणीएवढा नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या डब्यातला गूळ दिला आणि तिची मैत्रीण झाले. लोकांना वाटतं सूड म्हणजे रागावणं. अहो, रागावून काय मिळतं? सूड म्हणजे वर्षानुवर्षं कुणाच्या तरी घरी जाऊन चांगलं वागणं.

मी तिला माझ्या दादाच्या गोष्टी सांगायचे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो चंबळ एका दमात पोहून जातो, मगरीच्या पाठीवर बसून जेवतो, वाट चुकलेल्या डाकूंना रस्ता दाखवतो. ती म्हणायची, "चल, काहीतरी फेकतेस." पण दुसऱ्या दिवशी विचारायची, "मग पुढे त्या डाकूचं काय झालं?" दादा खरा म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरायलाही घाबरायचा. पण हे तिला कळलं तोवर उशीर झाला होता. तोही तिच्यासाठी सबबी काढून लष्करात चकरा मारायला लागला होता.

इकडे राज्यांची पुनर्रचना झाली. ग्वाल्हेर आणि इंदूर राजधानी कुणाची म्हणून ताट ओढत बसली, आणि ताट भोपाळनं उचललं. बगळे कायमचे उडाले. तोवर चंबळेवर पक्का पूल उभा राहत होता, दगडी खांबांचा, हत्ती नाचवावेत असा. या काठाचं काम आमच्या साहेबांकडे. पलीकडच्या काठाला त्याच रजपूत गृहस्थांच्या हाताखाली नवा इंजिनिअर लागला होता, तो माझा दादा.

एक दिवस मी मैत्रिणीला सगळं सांगून टाकलं. जीप, हॉर्न, चिखल, खुंटी. ती ऐकत राहिली.

"म्हणजे तुला माझ्या बाबांचं नाक कापायचंय, आणि सुरी म्हणून मी?"

"हो," मी म्हणाले. तिच्याशी कधी खोटं बोलले नाही. वाढवून बोलले, ते वेगळं.

तिनं वेणीचं टोक दातांत धरलं. बापानं तिला पुढे आग्र्याला शिकायला पाठवलं नव्हतं, ते तिच्याही मनात होतंच. "नाक नको," ती म्हणाली. "पण वाकव त्यांना. मी आजवर त्यांना कुणापुढं वाकलेलं पाहिलं नाही."

पुढचं तिनं केलं. आलेली सगळी स्थळं नाकारली. एका मुलाचे कान मोठे, एकाचे लहान, एकाचे कान बरोबर होते, पण तो ऐकत नव्हता. शेवटी साहेबांच्या बायकोनं साहेबांना सांगितलं, दारोग्याचा मुलगा तर दारोग्याचा मुलगा, इंजिनिअर आहे, मुकाट्यानं बैठक घाला.

बैठक साहेबांच्या घरी झाली. दोन्हीकडची वडीलधारी माणसं, मधे गजकीची परात. आबा उघड्या डोक्यानं आले. साहेब म्हणाले, "या दारोगासाहेब! अजून टोपी-बिपी काही नाही?"

आबा म्हणाले, "आपणच सांगितलं होतं, खुंटीला टांगा."

साहेब हसले. त्यांना काही आठवत नव्हतं! माझा संताप इथं दुप्पट झाला. ज्यानं आमच्या घरातलं हसू नेलं त्याला नेल्याची आठवणही नाही.

"बरं, देण्याघेण्याचं बोला," साहेब म्हणाले.

"काही नको. सीमांतपूजन तेवढं रीतीप्रमाणं करा. कार्यालयाच्या दारात नाही, खऱ्या शिवेवर."

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वराकडची मंडळी गावाच्या शिवेवर आली की मुलीच्या बापानं सामोरं जायचं, नवऱ्या मुलाचे पाय धुवायचे, व्याह्याच्या डोक्यावर पागोटं ठेवायचं आणि मानानं आत आणायचं. हल्ली आळशी लोक हे मांडवाच्या दारातच उरकतात.

"एवढंच?" साहेब म्हणाले. "मग ठरलं!"

मी चहा घेऊन गेले. तोंड अगदी भोळं केलं. "काका, पण शीव कुठली धरायची हो? मधे नदी आहे ना."

साहेब फुगले. "अगं, ती शीव मीच ठरवलेली आहे! हद्द धारेवर. आपल्या काठाच्या शेवटच्या खांबाशी."

"म्हणजे अख्खा पूल आबांच्या राज्यात?"

"अख्खा."

"नवासुद्धा?"

"नवा, जुना, सगळा. धार काय पुलाला विचारून वाहते?"

"मग गजक घ्या आणि तोंड गोड करून सांगा."

त्यांनी गजकीचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, "हद्द धारेवर." मी आबांकडे बघितलं. आबा चहाच्या बशीकडे बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

लग्न धरलं तेव्हा नवा पूल पुरा झाला होता, पण उघडला नव्हता. मंत्री येऊन फीत कापणार होते आणि मंत्र्यांना सवड नव्हती. साहेबांनी आपल्या टोकाला आडवा बांबू बांधला, चौकीदार बसवला, आणि हुकूम काढला: उद्घाटनाआधी माणूस नाही, गाढव नाही, कुत्रं नाही. पक्का पूल झाला म्हणून नावांचा पूल त्या वर्षी घातलाच नव्हता. तेव्हा वऱ्हाड होड्यांनी येणार, हे साहेबांनी धरूनच चाललं. त्यांनी घाटावर मांडव घातला, केळीचे खांब लावले, चांदीचं ताट, चांदीचा तांब्या, आणि व्याह्यासाठी चंदेरीचा नवा फेटा.

पलीकडच्या टोकाला मात्र बांबू नव्हता. रजपूत गृहस्थांकडे दादा परवानगी मागायला गेला तेव्हा ते म्हणाले, "पुल हमारा है। उन्हीं साहब ने बताया था।" आणि स्वतःचा बँड दिला.

त्या दिवशी दुपारी साहेब घाटावर उभे राहून पाण्यावर होड्या शोधत होते. ऊन पाण्यावर चमकत होतं. तेवढ्यात डोक्यावर ढोल वाजला. साहेबांनी वर बघितलं.

नव्या कोऱ्या पुलावर सगळ्यांच्या पुढे, एकटे, माझे आबा चालत होते. पांढरा अंगरखा, उघडं डोकं, हातात नारळ. मागे बरंच अंतर सोडून आम्ही, घोड्यावर दादा, आणि दादाच्या मागे सगळे मल्लाह आपल्या बायकापोरांसकट. आणि हो, बकरीही होती. तिच्या गळ्यात झेंडूची माळ. ती सगळ्यात मागे चालत होती, मान परत करायला.

"थांबा! अहो थांबा!" साहेब खालून ओरडले. "उद्घाटन व्हायचंय!"

आबांनी वरून कानाला हात लावला, ऐकू येत नसल्यासारखा. ज्या माणसाला मैलावरच्या नावेची हाक ऐकू यायची, त्याला!

साहेब ताट घेऊन चढण चढायला लागले. वाळू, काटे, धाप. वर पोचले तर समोर बांबू आणि बांबूशी चौकीदार.

"साब, ऊपर जाना मना है।"

"अरे, बाजूला हो! मुझे पहचानता नहीं?"

"पहचानता हूँ साब। हुकुम में आपके ही दस्तखत हैं।"

तोवर आबा शेवटच्या खांबाशी येऊन थांबले होते. दादानं तिथं चुन्यानं रेघ ओढून ठेवली होती. आबांनी बोटंही रेघेपलीकडे जाऊ दिली नाहीत.

"व्याही," आबा म्हणाले, "ही तुमची शीव. आम्ही आलोय. सामोरं यायचं की परत जाऊ?"

मुहूर्त, बायको, सगळं गणगोत मागे उभं. साहेबांनी ताट सावरलं आणि स्वतःच्याच बांबूखालून वाकून आत आले. इतके वाकले की फेट्याचा शेमला जमिनीला लागला. मांडवातून वर आलेल्या बायकांत नवरी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

दादाचे पाय धुऊन झाले. साहेबांनी नवा फेटा उचलला. आई पुढे झाली. तिनं पदराखालून लाल पगडी काढली. "हा नको. ही ठेवा."

"अहो, ही जुनी आहे. यावर डाग..."

"आपलाच आहे," आबा म्हणाले.

साहेब डागाकडे बघत राहिले. मग खाली नदीकडे बघितलं, जिथं पूर्वी नावांचा पूल असायचा. मग आबांच्या उघड्या डोक्याकडे. तेव्हा त्यांना आठवलं. मी समोरच उभी होते, आठवताना पाहिलं. आधी कान पांढरे झाले, मग मिशी हलली. एवढ्या वर्षांचं जागरण त्या एका क्षणात फिटलं, खोटं का बोलू!

त्यांनी पगडी दोन्ही हातांत घेतली. पण आबा सहा फुटांच्या वर आणि साहेब ठेंगणे. आबा वाकले नाहीत. साहेब टाचा उंचावून बघतात, हात पोचत नाही. शेवटी चौकीदारानं आपलं स्टूल आणून दिलं. त्या स्टुलावर चढून, सगळ्या गणगोतासमोर, साहेबांनी तो वाळलेला चिखल माझ्या आबांच्या डोक्यावर ठेवला. आणि स्टुलावरूनच हळू म्हणाले, "दारोगाजी, हे एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं," आबा म्हणाले.

मग नारळ. तोच नारळ बरं का, आईनं जपून ठेवलेला. आतलं पाणी केव्हाच आटून गेलं होतं, हलवला की खडखड वाजायचा. कुजका निघेल म्हणून आई देवाचं नाव घेत होती. आबांनी फोडला तर आत खणखणीत गोटा खोबरं! एक शकल चंबळेला, एक मल्लाहांना, आणि एक तुकडा साहेबांच्या तळहातावर. "प्रसाद आहे. चावून खा." ते खोबरं दगडाला लाजवील असं होतं. साहेब लग्न लागेपर्यंत चावत होते. आबांनी आरोळी ठोकली, "चला!" आणि पलीकडच्या काठावरच्या म्हशी, मला खात्री आहे, उठून उभ्या राहिल्या.

पण मी तृप्त झाले नव्हते, आणि आबाही नव्हते. जीप राहिली होती.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी नवरी घेऊन आम्ही पुलाशी परत आलो. साहेबांनी स्वतः बांबू सोडवला. आबा पगडीवर हात फिरवून म्हणाले, "व्याही, मुलीला पोचवायला चला की. जीप आहे ना अजून?"

जीप होती. साहेब चालवायला बसले, मागे नवरानवरी आणि करवली म्हणून मी. आबा गाडीत बसले नाहीत. ते पुलाच्या मधोमध, जीपच्या पुढे, चालायला लागले. आणि काय चाल होती ती! आमची वंशपरंपरागत गुडघेदुखी त्या दिवशी कामाला आली. एक पाऊल टाकायचे आणि दुसऱ्याचा विचार करायचे. मधे थांबून साहेबांना हाक मारायचे, "ती बघा मगर!" साहेबांनी बघेपर्यंत उभे. जीप तापली, गुरगुरली, बंद पडली, पुन्हा सुरू केली. साहेबांचा अंगठा हॉर्नवर होता. मी त्या अंगठ्याकडे बघत होते. तो टेकायचा, उचलायचा, पण दाबत नव्हता.

पुढे मंत्री आले, त्यांनी फीत कापली, दगडावर त्यांचं नाव कोरलं. बकरीच्याही नंतर ज्याचा नंबर लागला त्याचं नाव दगडावर! असू दे. आबा त्या दिवसापासून पुन्हा लग्नांना जायला लागले. निमंत्रण नसलं तरी जायचे, आणि पगडीवरचा डाग पुढे येईल अशी बघून घालायचे.

मात्र पुलाच्या मधोमध एक गोष्ट झाली ती सांगायची राहिली. आबा कितव्यांदा तरी थांबून नदी न्याहाळत होते. साहेबांच्या मानेवर घाम. तेवढ्यात मागून मेहंदीचा एक हात बापाच्या खांद्यावरून पुढे आला आणि हॉर्न वाजला. असा लांब वाजला की खालची कबुतरं उडाली.

आबा वळले. साहेबांनी दोन्ही हात वर केले, "मी नाही! देवाशपथ मी नाही!"

आबांनी नव्या सुनेकडे बघितलं. तिनं नजर खाली केली नाही. आबांनी पगडी सरळ केली, अगदी सावकाश पुलाच्या कठड्यावर टेकले, जोडा काढला आणि त्यातला नसलेला खडा झटकायला लागले. सगळं वऱ्हाड, बँड आणि बकरी उन्हात उभी.

वहिनी अजून म्हणते की बांगडी अडकून तो हॉर्न चुकून वाजला. मी तिला गेली इतकी वर्षं चहा देते, आणि साखर चुकून कमी पडते.